घरची भाकरी व घरातील वाटे

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगतचे गाव. हा प्रदेश मूळचा कमी पावसाचा व बाजरी-ज्वारीचा. आज रांजणगावची औद्योगिक वसाहत शेजारीच असल्यामुळे तेथे परगावची व परप्रांतांतील पुष्कळ कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. कोणी दिवसपाळीस जातो, कोणी रात्रपाळीस. जी माता स्वतःच कामावर जाते, तिला पहाटे चूल पेटवून भाकऱ्या थापण्यास सवड कोठून मिळावी? मग मुलांच्या हाती चहाबरोबर खारी अथवा बिस्किटे येतात. त्या मातेस आम्ही दोष देत नाही. तथापि या बदलात घराचे काय जाते व ते थोड्या श्रमात कसे राखता येईल, याचा विचार या धड्यात करू. ज्यांना हा धडा भगिनींच्या बैठकीत वाचून दाखवावयाचा असेल, त्यांनी एकेक भाग सावकाश वाचावा व शेवटील प्रश्न सर्वांस विचारावेत.

पहिला भाग : पीठ. बाजरीत स्निग्धांश इतर धान्यांहून अधिक असतो. शंभर ग्रॅम बाजरीत तो सुमारे साडेपाच ग्रॅम, तर ज्वारीत दोन ग्रॅमांहूनही कमी असतो. दाणा अखंड असतो तोपर्यंत हा अंश सुरक्षित राहतो. दळल्यावर मात्र दाण्यातीलच पाचक द्रव्ये व हवा यांचा त्यावर परिणाम होऊन पीठ कडू होऊ लागते. म्हणून बाजरी एका वेळी आठवड्यापुरतीच दळावी, पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात व थंड जागी ठेवावे. नवे पीठ जुन्या पिठावर कधीही ओतू नये. पुष्कळ मुले ‘बाजरी कडू लागते’ म्हणून ताट सारतात. तेथे दोष बहुधा बाजरीचा नसून शिळ्या पिठाचा असतो.

दुसरा भाग : थापणे व भाजणे. गव्हाच्या कणकेस जो चिकटपणा असतो, तो बाजरीस व ज्वारीस नाही. यामुळेच नवशिक्या मुलीची भाकरी कडेला चिरते. यावर उपाय दोन. पीठ जुने असल्यास कढत पाणी घालावे, म्हणजे पिठातील सत्त्व थोडे शिजून गोळा एकजीव होतो. पीठ ताजे असो वा जुने, एका वेळी एकाच भाकरीपुरते घ्यावे व तळहाताच्या टाचेने चांगले रगडावे. परातीत कोरडे पीठ भुरभुरून भाकरी थापावी. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्यावी व लगेच तीवर पाण्याचा हात फिरवावा. हे पाणी पुरते सुकण्यापूर्वीच भाकरी उलटावी. उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो व वाफ निसटते. दुसरी बाजू चांगली भाजली की पहिली बाजू विस्तवाकडे करावी. आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते व भाकरी फुगते. फुगलेली भाकरी आतपर्यंत शिजली असे समजावे.

तिसरा भाग : भाकरीचे मोल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम बाजरीत लोह सुमारे ६.४ मिलिग्रॅम, ज्वारीत सुमारे ४, मैद्यात २ हूनही कमी, आणि सडलेल्या तांदळात १ हूनही कमी असते. बाजरीचे लोह रक्तवाढीच्या कामी येते काय, याची परीक्षा आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच झाली. अधिक लोहाची एक बाजरी पैदाशीने तयार करून २०१२ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांस देण्यात आली. तिचे नाव ‘धनशक्ती’. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांपैकी काहींस अधिक लोहाच्या व काहींस साध्या बाजरीच्या भाकऱ्या रोज देण्यात आल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, अधिक लोहाची बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांत स्पष्टपणे वाढला. रोजची भाकरीच तेवढी बदलली होती.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धान्यातील लोह शरीरास सहजी लागत नाही, कारण दाण्यातीलच काही द्रव्ये त्यास अडकवून ठेवतात. आंबट फळांतील सत्त्व ही अडचण बरीच दूर करते; म्हणून भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळा अथवा कच्ची कैरी असावी. उलट चहा त्या लोहास अडवतो. जेवण होताच चहा घेण्याची सवय मोडावी व दोहोंत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. कालवणास हुलगा, मटकी व शेवग्याचा पाला आपल्याकडे मिळतो. मटकीस मोड आणल्याने ती पचण्यास हलकी होते.

चौथा भाग : वाटे. येथवर सांगितलेले सर्व व्यर्थ आहे, जर ताटात पडणारा वाटा समान नसेल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण आपल्या चुलीपाशीच आहे. पुरुष जेवतात, मुले जेवतात, आणि जिने भाकऱ्या थापल्या तिच्या वाट्यास तळाचे कालवण व अर्धी भाकरी उरते. तिला विचारले तर ती म्हणते, “मला भूक नव्हती.” वाचकहो, या उत्तरावर विश्वास ठेवू नका. आमची सूचना अशी की, कालवण चुलीवरून उतरताच घरात जितकी माणसे तितके वाटे करावेत, आणि मातेचा व मुलीचा वाटा आधी झाकून ठेवावा. गरोदर स्त्री घरात असल्यास तिचा वाटा मोठा असावा. ज्या घरी दोघेही कामावर जातात, तेथे पुरुषाने पीठ मळून द्यावे अथवा भाकरी भाजावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

पाचवा भाग : मुलांचा खाऊ. सकाळच्या घाईत, रात्रीची भाकरी चुरून गूळ व चमचाभर तूप घालून मुलांस द्यावी. त्यास वेळ लागत नाही. सणावारी घरीच नानकटाई करता येते. भट्टीची गरज नाही. एक वाटी कणीक, एक वाटी ताजे बाजरीचे पीठ, पाऊण वाटी बारीक किसलेला गूळ, पाऊण वाटी थिजलेले तूप व चिमूटभर बेकिंग पावडर घ्यावी. तूप व गूळ आधी फेसावे, मग पिठे मिसळून गोळा करावा. गोळा फुटत असेल तर चमचाभर दूध घालावे. जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ पसरून, त्यावर वाटी पालथी घालून, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे. मग वाटीवर नानकटाईची ताटली ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. गरम असता ती मऊ लागते, निवल्यावर खुसखुशीत होते. तेच मीठ पुन्हा भाजण्यास उपयोगी पडते; स्वयंपाकात मात्र घालू नये.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, आणि शहरांतील दुकानांत बाजरीची महागडी बिस्किटे दिसू लागली. आपल्या घरी तर बाजरी पूर्वीपासून आहे. ती टिकवावी व तिचा वाटा सर्वांस सारखा पोहोचवावा, एवढेच आमचे सांगणे.

विचारण्याचे प्रश्न :

१. बाजरीचे पीठ कडू का होते? तुमच्या घरी ते किती दिवसांचे आहे?

२. भाकरी चिरू नये म्हणून काय करावे?

३. जेवणाबरोबर लिंबू का असावे व चहा का नसावा?

४. काल रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवले, आणि त्याच्या ताटात काय होते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत देऊ नये. घरी जाऊन द्यावे.