दहावा एक

चि. सोन्यास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. आकड्यांची वही तू रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलीस म्हणे. का, तर फळ्यावर दहा एकांचा वर्ग चुकला आणि पोरं हसली. मावशीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्याकडे रद्दीवाला रविवारी येतो ना?

चूक तुझीच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. उलटसुलट कसाही वाचा, तोच. अंकांची बेरीज ८१, तीही नवाचा वर्ग. इथवर जमलं म्हणून पुढचं उत्तर न मांडताच ठोकून दिलंस! ताई जवळ असते, तिनेच कान धरायला हवा होता.

पण खरं उत्तर नीट बघितलंस का? १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ कुठे गेला? गुणाकार उभा मांड. मधल्या घरात दहा एक येतात. शून्य लिहायचं, हातचा एक. तो डावीकडच्या नवात मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळतो, आठाचा नऊ होतो आणि तिथे सगळं शांत होतं. एका हातच्याची ही करामत, आणि ती तुझ्या वहीत आहे. गठ्ठा अजून घरातच आहे ना?

ही संख्या कापरेकरांच्या डेम्लो संख्यांच्या घराण्यातली. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनाचं जुनं नाव. देवळालीच्या शाळेत शिकवणारा हा माणूस जन्मभर आकड्यांशी खेळला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

आणि फसायचं म्हटलं तर फर्मासारखा गणितीसुद्धा फसला. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या एकाच सूत्राने येणाऱ्या सगळ्या मूळ संख्या, म्हणून त्याला वाटलं, पुढचीही तशीच असणार. ती होती ४२९४९६७२९७. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. फर्माचं नाव त्या संख्यांना आजही आहे.

मावशीचीही एक वही होती, हे ताईलाही ठाऊक नाही. १४२८५७ ला दोनाने गुणा, तिनाने गुणा, सहापर्यंत तेच अंक फिरून येतात. साताने गुणलं तर ९९९९९९. ते का, असं मावशीने वर्गात विचारलं, तर एक सर मोठ्याने हसले. त्याच संध्याकाळी तिने वही बंबात घातली. त्या पाण्याने आंघोळही केली. उत्तर सोपं होतं, एक सप्तमांशाच्या भागाकारात दडलेलं; पण ते तिला कळलं फार उशिरा, चाळिशीत.

रागावून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. दिवाळीत ये. अकरा एकांचा वर्ग मावशीने पाकिटाच्या पाठीवर मांडून ठेवलाय, पण तुला सांगणार नाही. तुझा तू मांड, मग दोघं ताडून बघू. चकल्या तळून होईपर्यंत वेळच वेळ.

रविवारी तेवढा लवकर ऊठ रे.

तुझी,
मावशी