वाटूर फाट्यावर आयटीआय सांगताना

वाटूर परतूर तालुक्यात येतं, पण त्याला ओळख आहे ती फाट्याची. जालना–मंठा रस्ता आणि परतूरकडून येणारा रस्ता इथं मिळतात, त्यामुळं आसपासच्या खेड्यांतला माणूस या ना त्या कामानं फाट्यावर येतोच. मी शिल्प निदेशक. इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवत नोकरी झाली आणि दर उन्हाळ्यात याच पट्ट्यात 'दहावीनंतर आयटीआय' सांगत फिरलो. प्रवेश वाढवा म्हणून वरून पत्र येतं, मग बॅनर छापले जातात. बॅनर वाचून कुणी वर्कशॉपच्या दारात आल्याचं मला तरी आठवत नाही. फिरताना जे कळलं, ते असं.

1. पोराला नव्हे, घराला पटवायचं असतं. शाळेत भाषण केलं की पोरं टाळ्या वाजवतात, फिटर-टर्नर-वायरमन वहीत लिहून घेतात आणि घरी गेल्यावर कुणी विचारत नाही. निर्णय ओसरीवर होतो. तिथं बाप 'किती खर्च?' एवढंच विचारतो, पण मायचे प्रश्न नेमके असतात. रोजची एसटी कितीची? डबा न्यायचा की तिथं काही मिळतं? करंट लागला तर? एक मावशी म्हणाल्या होत्या, "सर, लेकरू दोन वर्षं तिथं करायलंय काय, ते दिसंल का आमाला?" मला तो प्रश्न एकदम पटला. त्यानंतर मी पालकांना आधी वर्कशॉप दाखवतो, माहितीपत्रक नंतर देतो. एसटीच्या विद्यार्थी पासात तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात, हे सांगितलं की अर्धी चिंता तिथंच मिटते.

2. उसाचा हंगाम बघून गावात जा. करिअर मेळावे बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत घेतले जातात. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. पोरगं आजीजवळ, आई-बाप फडावरच्या कोपीत. मेळाव्याला मग कोण येणार? ही माणसं गावात सापडतात ती एप्रिल-मेमध्ये, फडावरून परतल्यावर आणि पेरणीच्या आधी. पुढं मुकादमाची उचल, म्हणजे पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम, घरात आली की विषय संपला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीला जास्त उचल मिळते म्हणून कोवळ्या वयात लग्न उरकतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं आयटीआयची गोष्ट उचलीच्या आधी पोचली पाहिजे, नंतर पोचून उपयोग नाही.

3. भाषणापेक्षा जळालेली मोटार बरी. फाट्यावर मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत, आणि बोअरची मोटार जळाली नाही असा शेतकरी या भागात शोधून सापडायचा नाही. एका दुकानदाराला विनंती करून मी दहावीची पाच-सहा पोरं आणि त्यांचे बाप तिथं उभे केले. त्यानं सबमर्सिबल उघडली. स्टेटरमधली काळी पडलेली तार उपसून काढली, पोरांना खाचा मोजायला लावल्या. 24 भरल्या. मग त्यानं विचारलं, "ही मोटार पाण्यात बुडून चालती, मग शॉर्ट का होत नाही?" कुणालाच सांगता येईना. त्यानं नवी तार हातात दिली. पाण्याबाहेरच्या मोटारीसारखा नुसता इनॅमलचा मुलामा नाही, प्लास्टिकचं जाड आवरण. पाणी तारेपर्यंत पोचतच नाही. एका पोरानं नखानं ते आवरण सोलून पाहिलं. शेजारी त्याचा बाप उभा होता. आजवर इतक्या मोटारी भरून घेतल्या, पण आत काय असतं ते तो पहिल्यांदाच बघत होता. परत निघताना बापच विचारायला लागला, हे शिकायला किती वर्षं लागतात.

हातातलं काम दाखवून शिकवायचं, ही काही माझी अक्कल नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचारानं. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात येऊन राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करत शिकायचं: वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. शिकवायला गावातलेच कारागीर आणि कामं गावाच्याच गरजेची. तोच अभ्यासक्रम पुढं 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावानं राज्यातल्या इतर शाळांत गेला. कलबाग 2003 मध्ये गेले, आश्रम चालू आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचं लक्ष्य ठेवलं. पाबळनं वाट त्याच्या कितीतरी आधी दाखवली होती. आपल्या शाळांत व्यवसाय शिक्षणाचा तास अजूनही पाहुण्यासारखा येतो, हे मात्र बोचतं.

4. 'नापासांचं ठिकाण' हा शिक्का शिक्षकच मारतात. "अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला जाशील," हे वर्गात ऐकलेलं पोरगं माझ्याकडं मान खाली घालूनच येतं. त्याला आणि त्याच्या गुरुजींनाही मी सांगतो, की इलेक्ट्रिशियनची यादी मेरिटवर लागते, मागून येणाऱ्याला जागा उरत नाही. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे दार बंद होत नाही. आणि दहावी नापास झालेल्यालाही वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड खुले आहेत. त्यात लाजण्यासारखं काय आहे? वयाची अट 14 पूर्ण एवढीच, वरची मर्यादा नाही. कॅनॉलवर मजुरी करणारा तिशीतला गडीही येऊन शिकलेला मी पाहिला आहे.

5. पहिला पगार खरा सांगा. यावर बरेच प्रचारक घसरतात. 'कंपनीत लागला की आयुष्य सेट' असं सांगून पाठवलेलं पोरगं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत खोलीभाडं, मेस आणि शिफ्टचा हिशेब लागला की दिवाळीत परत येतं आणि पुढच्या दहा पोरांना अडवतं. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्या अप्रेंटिसचं विद्यावेतन महिना किमान 7,000 रुपये ठरवलं. त्यात वाळूजच्या बजाजनगरात चार पोरांनी एक खोली केली तरी हात आखडताच राहतो, हे मी आधीच सांगतो. आणि पुढचंही सांगतो. अप्रेंटिसशिपचं वर्ष टिकून काढलं की हाताला वळण लागतं. जालन्यात सळईच्या मिल आहेत, बियाणे कंपन्या आहेत. मशीन बंद पडली की तिथं अंगमेहनतीच्या मजुराला नाही, फिटरला आणि इलेक्ट्रिशियनला हाक जाते. ज्याला गाव सोडायचंच नाही, त्याला आता सौर पंपांची दुरुस्ती आहे. शेताशेतात पॅनेल उभे राहिले, पण कंट्रोलर बंद पडल्यावर कंपनीचा माणूस कधी येईल याची वाट बघत पीक सुकतं. हे काम वाटूरच्या पोरांनी का करू नये?

6. मुलींना फक्त शिवण दाखवू नका. शिवणाचा ट्रेड चांगलाच आहे, पण सल्ला देणाऱ्याची जीभ तिथंच अडकते. शासकीय आयटीआयत मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. इलेक्ट्रिशियनच्या बॅचमध्ये एक मुलगी टिकली की दुसऱ्या वर्षी चौकशीला तिच्याच गावातून दोन येतात. इथं माझा अनुभव एवढाच, की संध्याकाळची परतीची एसटी वेळेवर आहे की नाही यावर निम्मे प्रवेश ठरतात. आगाराच्या व्यवस्थापकाला भेटून वेळ जुळवून घेणं, हाही प्रचारच आहे. त्याचा फोटो छापून येत नाही एवढंच.

7. शेवटचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त पोरं इथंच गळतात: फॉर्म. फाट्यावरच्या नेट कॅफेत फॉर्म भरताना भरणारा स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो आणि यादीचा मेसेज पालकांपर्यंत पोचत नाही. विकल्पही तोच मनानं टाकतो. नियम असा, की पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. म्हणून पहिल्या जागी तोच ट्रेड आणि तीच संस्था टाका, जिथं मूल खरोखर जाणार आहे. घरात दहावीचं लेकरू असेल, तर निकालाची वाट न बघता जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधार आणि बँक पासबुक एका पिशवीत काढून ठेवा, नंबर स्वतःचाच द्या आणि फॉर्म भरण्याआधी एक दिवस परतूर किंवा मंठ्याच्या आयटीआयत जाऊन वर्कशॉप बघा. सोबत मायलाही न्या.