पगार नाही, मग घर कोण देणार?

प्रश्न : मी मूळची अंबाजोगाईची, पुण्यात एम.एस्सी. करते. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. आता तिघी मिळून फ्लॅट घ्यायचा विचार आहे, पण जो तो पगाराची स्लिप मागतो. वडील शेती करतात. आमच्यासारख्यांना घर मिळतं तरी कसं?

उत्तर : मिळतं. घरमालकाला धास्ती एकच असते : भाडं थकलं तर फोन कुणाला करायचा? म्हणून घर ठरवायला जाताना वडिलांना एकदा बरोबर न्या. सातबारा आणि शेतमालाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात त्याचं पासबुक दाखवा. करारात वडिलांचं नाव जामीनदार म्हणून घाला, असं आपणहून सांगा. समोरासमोर बसून बोलणाऱ्या बापाला नकार देणं अनेकांना जड जातं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मला काळजी त्यापुढची वाटते. घर मिळाल्याच्या आनंदात मुलं म्हणतील तिथे सही करतात. एजंट सांगतो, ‘अकरा महिन्यांचंच तर आहे, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू.’ तिथे ठाम राहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

खर्चही फार नाही. समजा भाडं महिना 12,000 आणि अनामत 40,000 आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. शहरात नोंदणी शुल्क 1,000 रुपये. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. ते आधी ठरवून घ्या. आणि तिघींचीही नावं करारात हवीत. एकटीच्या नावावर करार झाला आणि दुसऱ्या दोघी मध्येच सोडून गेल्या, तर सगळं भाडं तिच्या बोकांडी बसतं.

पैशांचं म्हणाल, तर शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी शासनाच्या योजना आहेत : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार. अटी पूर्ण होत असतील, तर पुण्यात जेवण, निवास आणि निर्वाहासाठी मिळून वर्षाला 60,000 रुपये मिळतात. त्या प्रवर्गांत नसाल, तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करा. मात्र हे पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांचं भाडं हाताशी हवंच. अर्जाला भाड्याने राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो, तिथेही नोंदलेला करार कामी येतो.

माझ्या भाचीची अनामत भिंतीतल्या चार खिळ्यांवरून अडकली होती. खिळे आधीच्या मुलांनी ठोकलेले, पण दाखवायला काही नव्हतं. रंगाचे म्हणून 8,000 रुपये कापले गेले. मेसचा डबा एक वेळचा करून तिने ते पैसे भरून काढले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून चावी हातात पडेल त्याच दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, भिंती, गिझर, नळ, खिडक्यांच्या काचा आणि वीजमीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि तिथेच उभं राहून मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा.