पथ्यपत्रकातील एक उणीव : मुरुड येथील अनुभव

आहाराविषयी रुग्णास उपदेश करताना आपण बहुधा निषेधच सांगतो. 'मैदा वर्ज्य, बिस्किटे वर्ज्य, पाकिटातील नूडल्स वर्ज्य' असे आम्हीही अनेक वर्षे केसपेपरवर लिहीत आलो. पुढच्या भेटीस मलावष्टंभ तसाच, अग्निमांद्य तसेच. मुरुड (दापोली तालुक्यातील, जंजिऱ्याचे नव्हे) येथील एका मातेने आमची चूक दाखवून दिली. पर्यटकांसाठी घरगुती निवास-भोजनाची सोय करणारे ते कुटुंब. "डॉक्टर, काय देऊ नको ते कळलं. पाच वाजता मुलगा शाळेतून येतो, तेव्हाच पाहुण्यांचं चहापाणी असतं. दहा मिनिटांत काय करू ते सांगा."

पाहुण्यांच्या ताटात घावन आणि घरच्या मुलापुढे पाकीट, असा हा प्रकार होता. वस्तुतः झटपट अन्न कोकणास नवे नाही. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीत कुळीथ भाजून, भरडून, पाखडून त्याचे पीठ केले जाते. मेतकूट, तांदळाची पिठी डब्यात भरलेली असते. श्रमाचा मोठा भाग तेथेच उरकलेला असतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांतील 'करण' म्हणजे द्रव्यावरील संस्कार. म्हणून 'प्रक्रिया केलेले सर्व वाईट' असे सरसकट सांगणे शास्त्रास धरून नाही. भर्जनाने धान्यास लाघव येते; मैद्याच्या शेवया तळून सुकविणे हाही संस्कारच, परंतु त्याचे फळ निराळे. याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. पाकिटावरील सोडियमच्या आकड्यास 2.5 ने गुणले असता मिठाचे प्रमाण मिळते. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ; जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी आहे, बालकांची त्याहूनही अल्प. हा गुणाकार मातेकडूनच करवून घ्यावा, असा आमचा आग्रह असतो. 2024 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही अतिप्रक्रियायुक्त अन्न मर्यादित ठेवण्याची सूचना आहे.

त्या मातेस आम्ही तीन पदार्थ लिहून दिले. सकाळच्या भातासोबत कुळथाचे पिठले : तेलात मोहरी, हिंग, हळद व ठेचलेल्या लसणाची फोडणी, त्यावर पाणी, आमसूल व बेताचे मीठ, गार पाण्यात कालवलेले पीठ सोडून चांगले शिजवावे. ताकातील तांदळाची उकड. आणि आंबवणे न लागणारे घावन, नारळाच्या चटणीसह. कुळीथ उष्ण व अम्लविपाकी असल्याने वर्षाऋतूत उत्तम. मात्र शरदात, तसेच अम्लपित्त वा रक्तपित्ताची प्रवृत्ती असल्यास नित्य देऊ नये. अशा वेळी तूप-मेतकूट-मऊभात योजावा.

तीन महिन्यांनंतर मलप्रवृत्ती सुधारली होती. पाणी व पालेभाजीही वाढविली होती, त्यामुळे श्रेय एकट्या पिठल्यास देता येणार नाही. पाकीट पूर्णतः सुटलेले नाही. रविवारी ते येतेच, आणि आम्ही त्यावर वाद घालीत नाही. आमच्या पथ्यपत्रकात मात्र प्रत्येक निषेधापुढे आता एक कोरा रकाना असतो. घरी कोणते पीठ आहे आणि हाती किती मिनिटे आहेत, हे विचारूनच तो भरला जातो.