सातपुड्याचे शिखर आणि आपली माणसे
(बी. ए. भाग २)

'गिर्यारोहण' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ, दोर, खिळ्यांचे बूट आणि परदेशी नावे उभी राहतात. वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तर हा विषय परकाच वाटावा. आपला मुलूख काळ्या जमिनीचा, कापसाचा. वर्धा शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची अडीचशे मीटरच्या आसपास. गिरडची टेकडी आणि बोर-ढग्याकडचे डोंगर, एवढीच काय ती आपली उंची! असे असूनही या जिल्ह्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या शिखरे चढत आली आहेत. त्यांची नोंद गिर्यारोहणाच्या इतिहासात का नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कवी आणि मेंढपाळ

युरोपातील गिर्यारोहणाचा इतिहास पुष्कळदा एका पत्रापासून सांगितला जातो. इटालियन कवी पेट्रार्क हा २६ एप्रिल १३३६ रोजी आपल्या धाकट्या भावासह दक्षिण फ्रान्समधील मों व्हांतू या शिखरावर चढला. हे शिखर १,९०० मीटरांहून थोडे अधिक उंच आहे. माथ्यावरून आपल्याला ऱ्होन नदी आणि मार्सेयकडचा भूमध्य समुद्र दिसला, असे तो लिहितो. ना शिकार, ना लढाई, ना नवस. केवळ एवढी उंच जागा पाहावी या इच्छेने तो चढला. म्हणून त्याला 'पहिला गिर्यारोहक' म्हणण्याची प्रथा पडली. हे पत्र त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी पुन्हा घडवून लिहिले असावे, असे अभ्यासक मानतात. पण पत्राची कीर्ती कमी झालेली नाही.

त्याच पत्रात एक म्हातारा मेंढपाळ येतो. डोंगराच्या कुशीत तो या भावांना भेटतो आणि परत फिरा म्हणून विनवतो. पन्नास वर्षांपूर्वी मी ऐन जवानीत माथ्यापर्यंत गेलो होतो, हाती आला तो शीण आणि काट्यांनी फाटलेले अंग व कपडे, असे तो सांगतो. तरुण ऐकत नाहीत असे पाहून तो त्यांना वाट दाखवतो आणि जादा सामान सांभाळायला ठेवून घेतो.

येथे मनात प्रश्न उभा राहतो. पन्नास वर्षे आधी मेंढपाळ वर जाऊन आला होता, मग पेट्रार्क पहिला कसा? मेंढपाळाचे नाव काय? पत्रात ते नाही. एकाजवळ लेखणी होती, दुसऱ्याजवळ नव्हती, एवढाच दोघांमधला फरक. पुढील मजकूर वाचताना हा मेंढपाळ वाचकांनी ध्यानात ठेवावा.

महादेवाची वाट

आता आपल्याकडे वळू. मध्यप्रदेशातील पचमढीचा परिसर म्हणजे सातपुड्याचा सर्वांत उंच भाग. तेथील धूपगड हे १,३५२ मीटर उंचीचे शिखर सातपुड्यात सर्वोच्च आहे. त्याच डोंगरांत चौरागड आहे. त्याचीही उंची तेराशे मीटरच्या घरात जाते. महाशिवरात्रीला विदर्भातील शेतकरी, शेतमजूर, बाया-माणसे नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडाच्या माथ्यावर चढतात. वरच्या मंदिराभोवती अशा त्रिशुळांचे अक्षरशः रान उभे आहे. काही त्रिशूळ एका माणसाला पेलत नाहीत. चौघे-आठ जण आळीपाळीने ते वाहून नेतात.

या यात्रेची जुनी पायवाट छिंदवाडा जिल्ह्यातील जुन्नारदेवापासून सुरू होते. त्या ठिकाणाला 'पहिली पायरी' असेच म्हणतात. पुढे भूराभगत आणि मग डोंगर. मोठ्या महादेवाच्या गुहेत छतातून पाणी ठिबकत असते. गुप्त महादेवाची कपार इतकी अरुंद आहे की माणसाला अंग आडवे करूनच आत शिरावे लागते. त्यानंतर चौरागडाची चढण व तेराशेच्या वर पायऱ्या.

पावसाळ्यात नागपंचमीच्या सुमारास दुसरी यात्रा भरते, ती नागद्वारची. निसरड्या वाटा, ओढे, दऱ्या आणि उभ्या कड्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या यांतून ही वाट जाते. पद्मशेष, चिंतामणी, पश्चिमद्वार ही त्या वाटेवरील ठिकाणे आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झाले. हा भाग आता व्याघ्रप्रकल्पात असल्यामुळे नागद्वारची वाट वर्षातून केवळ दहा-बारा दिवस उघडते.

ज्यांना एवढ्या दूर जाणे जमत नाही ते आपल्याच जिल्ह्यातील ढग्याच्या महादेवाला जातात. डोंगरातला देव डोंगर चढूनच पाहावा, ही भावना तेथेही तीच.

चढण्याचे शास्त्र

ही सारी भाबडी भक्ती आहे, त्यात शास्त्र कसले, असे कोणी म्हणेल. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर त्यात पिढ्यांचा अनुभव साठलेला दिसतो.

यात्रेकरूंच्या जथ्याला 'पोहा' म्हणतात. पोह्यात एक जाणता असतो. वाट, पाणी आणि मुक्काम त्याच्या ध्यानात असतात. एक जण महादेवाच्या गाण्याची ओळ म्हणतो, बाकीचे मागून उचलतात. म्हणजे प्रत्येकाला ओळीआड श्वास घ्यायला सवड मिळते आणि सर्वांची पावले एका लयीत पडतात. ज्याला गाणे म्हणता येत नाही इतका दम लागला, तो थकला हे सर्वांना आपोआप कळते. मग पोहा थांबतो.

माझी आजी शाळेत कधी गेली नाही, पण चौरागड तिने अनेकदा अनवाणी चढला. चढताना काय करायचे, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "वरतं नोको पाहू वो माय. समोरच्याची टाच पाय." दूरच्या माथ्याकडे पाहून जीव घाबरा करून घेऊ नये, एकेक पाऊल सारख्या गतीने टाकावे, हेच गिर्यारोहणाचे शिक्षकही सांगतात. उतरताना काठी हवी, कारण चढताना छाती थकते आणि उतरताना गुडघे, हेही तिचेच म्हणणे.

घोंगडी नेण्याचा जुना रिवाज घ्या. हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. वर्ध्याहून चौरागडाचा माथा सुमारे तेवढाच उंच आहे. फाल्गुनाच्या तोंडावर गावी उकडू लागले तरी डोंगरावरची रात्र बोचते. हे आकडे आजीला ठाऊक नव्हते. घोंगडी मात्र ठाऊक होती. गुहांतल्या पाण्याचेही तसेच. आपल्याकडचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, तर पचमढीचा खडक वाळूचा. तो पाणी शोषून धरतो आणि सावकाश सोडतो. म्हणून भर उन्हाळ्यातही पाणी कोठे मिळेल हे जाणत्यांना सांगता येते.

दुसरी बाजू

अभ्यासकाने केवळ गौरव करू नये. या यात्रेला काळी बाजूही होती. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, आईने केलेला नवस फेडण्यासाठी तरुण मुले महादेवाच्या डोंगरातील कड्यावरून उडी घेत, असे लिहून ठेवले आहे. ती प्रथा बंद पडली हे चांगलेच झाले. एकोणिसाव्या शतकात जत्रेत पटकीची साथ फुटे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव पोचे. आजही गर्दी, निसरड्या वाटा आणि मागे उरणारा प्लास्टिकचा कचरा हे प्रश्न आहेतच. श्रद्धेला शिस्तीची जोड हवी, यात शंका नाही.

लेखणी कोणाच्या हाती?

पचमढीचा शोध कॅप्टन फोर्सिथ याने लावला असे पर्यटकांना सांगितले जाते. १८६२ साली तो तेथे राहिला, त्याने बांधलेले 'बायसन लॉज' अजून उभे आहे आणि १८७१ साली त्याचा ग्रंथ निघाला. ग्रंथ मोलाचा आहे. परंतु तो पोचला तेव्हा तेथे कोरकू व गोंड राहत होते आणि शिवरात्रीला यात्रेकरू डोंगर चढत होते. त्याही फार पूर्वीच्या माणसांनी तेथील कपारींत चित्रे काढून ठेवली आहेत. मग 'शोध' कोणी कोणाचा लावला? पेट्रार्क आणि मेंढपाळ यांचीच ही दुसरी आवृत्ती होय.

याला एक सुखद अपवाद आहे. २९ मे १९५३ रोजी हिलरीसह एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्या तेनसिंगला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने आपली हकीकत उलमन या लेखकाला सांगितली आणि १९५५ साली त्याचे आत्मचरित्र जगापुढे आले. सांगणारा निरक्षर असला तरी ऐकून लिहिणारा भेटला, की मेंढपाळ निनावी राहत नाही.

मराठीत सह्याद्रीच्या गडांना गो. नी. दांडेकरांसारखा लेखक लाभला. ते मूळचे आपल्याच विदर्भातले. त्यांचा जन्म परतवाड्याचा. सातपुड्याच्या यात्रावाटांना मात्र असा कोणी अजून हवा आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीच्या वर्गात आलेले आहेत. लेखणी आपल्या घरात प्रथमच आली आहे. तिने केवळ परीक्षेच्या उत्तरपत्रिका भराव्यात काय? प्रत्येकाने सुटीत आपल्या गावातील एका वृद्ध यात्रेकरूला गाठावे. वाट कोणती, मुक्काम कोठे, पाणी कोठे, पोह्यात कोण कोण होते आणि गाणी कोणती, हे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे आणि सर्वांत वर त्याचे नाव लिहावे. इतिहास, भूगोल व मराठी या तिन्ही विषयांच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केल्यास यातून एक चांगला संग्रह तयार होईल. हे काम लवकर व्हावयास हवे, कारण ती वाट ज्यांच्या पायांना ठाऊक आहे ती माणसे आता थकत चालली आहेत.