पू थांबला, आजार नाही

हिरडी सुजली की पाच दिवस अँटिबायोटिक. पू थांबला की विषय मिटला. माझ्या बाबतीत वर्षभर हेच चालू होतं. सूज उतरायची आणि काही आठवड्यांत पुन्हा वर यायची. त्यातच टाळ्यावर पांढरे चट्टे आले, तिखट घास तोंडात धरवेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याला ‘उष्णता’ म्हटलं आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. मला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी बॅटरी मारून तोंड काही पाहिलं गेलं नाही.

शेवटी हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई एकेका दाताच्या कडेने हिरडीत सरकवली. त्या आकडे सांगत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. दोन, तीन, दोन... मागच्या दाढांशी सहा, सात, सहा. निरोगी हिरडीत दात आणि हिरडीमधली ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. सात मिलिमीटरच्या तळाशी ना ब्रश पोचतो, ना चूळ.

त्यांनी समजावलेलं मला फार मोलाचं वाटतं. माणसांच्या तोंडात मिळून जिवाणूंच्या ७००हून जास्त जाती आढळल्या आहेत. आतड्यात जितके प्रकार जास्त तितकं बरं मानतात. हिरडीच्या फटीत बहुतेकदा उलट असतं. फट खोल होते तसा तिथला ऑक्सिजन घटतो, सुजलेल्या हिरडीतून प्रथिनयुक्त द्रव पाझरतो आणि एरवी नगण्य असलेल्या कितीतरी जाती त्यावर माजतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे त्यातलं कुप्रसिद्ध त्रिकूट. सॉक्रन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली त्याला ‘लाल गट’ म्हटलं. हे सगळे जिवाणू चिकट थरात दाटीने राहतात. गोळीचं औषध त्या थरात पुरतं शिरत नाही, म्हणून आधी किटण आणि थर मुळापर्यंत खरवडून काढावा लागतो. अँटिबायोटिक लागलंच तर या सफाईच्या जोडीला, एकटं नाही.

टाळ्यावरचे चट्टे बुरशीचे होते, कँडिडाचे. अँटिबायोटिकने जिवाणू कमी झाले, वाढलेल्या साखरेने साथ दिली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. तिचं औषध वेगळं. एकाच तोंडात दोन आजार असतील तर दोन्ही ओळखले जायला हवेत.

साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हे आपण ऐकतो. बिघडलेल्या हिरड्याही साखर वाढवतात, हे फारसं कुणी सांगत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत मधुमेह्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपासने उतरतो.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही भीती मनातून काढा. दात हलतात ते आधीच झिजलेल्या हाडामुळे. सफाईनंतर सूज उतरते, दातांमधल्या फटी दिसू लागतात, काही दिवस गार झोंबतं, इतकंच. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनो, रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. धूम्रपानाने रक्त कमी येतं, आजार लपतो.

ब्रश करताना रक्त येत असेल, तोंडाला वास येत असेल, तर दंतवैद्याला हिरडीतल्या फटी मोजायला सांगा आणि आकडे लिहून घ्या. साखर असेल तर तो कागद मधुमेहाच्या डॉक्टरांनाही दाखवा, आणि त्यांचा रिपोर्ट दंतवैद्याला.