नाव ओळखीचं, खेळ नवा

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ खेळतो. अशा खेळांची पुस्तकं लिहिणारे मॉन्टी कुक माझे आवडते लेखक. त्यांचं नाव दिसलं की पुस्तक डोळे झाकून घ्यावं का? बाहेरून मागवलेलं पुस्तक महाग पडतं.
– एक वाचक, भेस्तान (सुरत)

उत्तर : विश्वास ठेवा, पण कशावर ते ठरवून. तुमच्या खेळाच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचं ‘डंजन मास्टर्स गाइड’ कुक यांचंच. पण २०१३च्या त्यांच्या ‘न्यूमेनेरा’ या खेळात खेळ चालवणारा फासा टाकतच नाही, सगळे फासे खेळाडूंचे. वर काम सोपं करून घ्यायला पात्राच्या अंगची ताकद खर्ची घालायची, आणि मार बसला की कमी होते तीही तीच! तुमच्यात फासे टाकायची हौस खेळ चालवणाऱ्यालाच जास्त असेल, तर तो रुसणार. लेखक एकच, खेळाची चाल मात्र निराळी.

लेखकाची कल्पनाशक्ती पुस्तकागणिक टिकते, नियम टिकतीलच असं नाही. शिवाय अशा पुस्तकांवर बहुधा अनेकांचे हात फिरलेले असतात. श्रेयनामावलीत तुमचा लेखक नेमका कुठे आहे ते पाहा. काही प्रकाशक संक्षिप्त नियम फुकट देतात, ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळाचे मिळतात तसे. ते असतील तर आधी एक डाव खेळा. नसतील तर मित्रांत वर्गणी काढून पुस्तक घ्या.